महाद्वार रोड आणि देवळाभोवतीची जुनी पेठ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरला निघण्याआधी लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एका जागी आणले आहेत. सुरुवातीला पत्त्याचे आणि वेळेचे साधे प्रश्न आहेत, पुढे साज (गळ्यातला दागिना), चप्पल, नदी आणि पूर. दुकानांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. या पेठेत काय बघायचं आणि काय विचारायचं हे एकदा कळलं, की दुकान तुमचं तुम्हालाच निवडता येतं.

महाद्वार रोड नेमका कुठून कुठपर्यंत?

एका टोकाला बिनखांबी गणेश मंदिर, दुसऱ्या टोकाला पापाची तिकटी. मध्ये अंबाबाईच्या देवळाचं पश्चिमेचं मोठं दार, म्हणजेच महाद्वार, आणि त्यासमोरचा चौक. चालायला पाऊण तास लागला तर तो गर्दीमुळे आणि दुकानांमुळे. अंतर तसं थोडंच आहे.

पण कोल्हापूरचा माणूस "महाद्वारला जाऊन येतो" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात सगळा परिसर असतो: गुजरी, जोतिबा रोड, ताराबाई रोड, कपिलतीर्थ मंडई, पलीकडे भाऊसिंगजी रोड आणि भवानी मंडप. देवळाचं शिखर मध्यभागी धरा आणि भोवतीनं फिरा, चुकायला होत नाही. चुकलातच तर कुणालाही विचारा. इथं पत्ता सांगणारा माणूस नुसता हात दाखवून थांबत नाही, चार पावलं सोबत येतो.

स्टेशनवरून किंवा स्टँडवरून कसं यायचं? स्वतःची गाडी आत नेता येते का?

श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस आणि मध्यवर्ती बस स्थानक एकमेकांजवळच आहेत. तिथून रिक्षा किंवा केएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस घ्यावी. रिक्षावाल्याला "महाद्वार" किंवा "भवानी मंडप" सांगितलं की पुरे. काही एसट्या रंकाळा स्टँडला येतात. तिथं उतरलात तर गंगावेशीवरून चालतच या.

चारचाकी महाद्वार रोडवर आणायचा हट्ट धरू नये. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी दुकानं, त्यापुढे हातगाड्या आणि मधून माणसं. बिंदू चौकातल्या वाहनतळावर गाडी लावून दहा मिनिटं चालत येणं सोयीचं पडतं. सणासुदीला रहदारीचे मार्ग बदलतात; त्या दिवसांतल्या गर्दीबद्दल नवरात्र-गणपतीच्या प्रश्नात लिहिलं आहे.

कोणत्या वेळी यावं? सुट्टीचा वार कोणता?

नुसता बाजार बघायचा असेल तर सकाळी दहा-साडेदहाला या. दुकानदार शटर वर करून, दारात पाणी मारून, देवाला उदबत्ती लावून बसलेले असतात. त्यांच्याकडे बोलायला वेळ असतो आणि तुम्हाला दहा डिझाइन काढून दाखवतात. खरी रंगत बघायची असेल तर संध्याकाळी सहानंतर या. तेव्हा अख्खं कोल्हापूर खरेदीला उतरलेलं असतं. दुपारी दोन ते चार बरीच दुकानं निवांत असतात.

सुट्टीचा वार दुकानागणिक वेगळा असतो. लांबून खास सोन्यासाठी किंवा ठरावीक चपलेसाठी येणार असाल, तर आधी त्या दुकानात फोन करून विचारा.

आधी दर्शन की आधी बाजार?

आधी दर्शन. हातात पिशव्या घेऊन रांगेत उभं राहणं त्रासाचं, आणि नवी चप्पल देवळाबाहेर काढून ठेवताना जीव वर-खाली होतो. ओटीचं साहित्य (खण किंवा साडी, नारळ, हिरव्या बांगड्या, हळद-कुंकू, वेणी) महाद्वारासमोर आणि जोतिबा रोडला मिळतं. पहिल्याच टपरीवर हात धरून "ताई, ओटी घ्या" म्हणतील. घ्यावीशी वाटली तर घ्या, पण ताटात काय काय आहे आणि एकूण किती झाले ते आधी विचारा. नुसता हार किंवा एक वेणी घेऊन गेलात तरी देवीला काही कमी पडत नाही.

कुठल्या गल्लीत काय मिळतं?

सोनं-चांदी गुजरीत. ही गल्ली महाद्वार रोडवरून फुटते आणि भाऊसिंगजी रोडला निघते. चपला छत्रपती शिवाजी चौकाच्या बाजूला, चप्पल लाईनमध्ये. फुलं, बांगड्या, पूजेचं साहित्य जोतिबा रोडला. भाजी आणि रोजचा बाजार कपिलतीर्थ मंडईत. साड्या, तयार कपडे, भांडी, पिशव्या, नकली दागिने महाद्वार रोडवर. धान्य आणि किराणा घाऊक हवा असेल तर लक्ष्मीपुरी. ती इथून थोडी लांब आहे, पण त्याच बाजाराचा भाग समजावी.

माझ्या मते या पेठेचं मोठेपण हेच की ती पाहुण्यांसाठी मांडलेली नाही. ज्या दुकानात तुम्ही आठवण म्हणून ठुशी बघताय, त्याच दुकानात शेजारी करवीर तालुक्यातलं एखादं कुटुंब लेकीच्या लग्नाचं सोनं बघत बसलेलं असतं. त्यांना काय दाखवलं जातंय, ते काय प्रश्न विचारतायत, याकडे कान ठेवा. माहितीपत्रकातून कळणार नाही इतकं तिथं कळतं.

कोल्हापुरी साजात २१ पानं असतात म्हणे. खरं का?

परंपरेनं सांगितली जाते ती गणना अशी: १० पानं दशावतारांची, ८ अष्टमंगलाची, २ पानं माणिक आणि पाचूची, म्हणजे एक लाल आणि एक हिरवं, आणि एक डोरलं. पानांत चंद्र, कमळ, मासा, कासव, भुंगा, बेलपान असे आकार ओळखता येतात. दोन पानांच्या मध्ये जवमणी ओवलेले असतात.

आज दुकानात मिळणारा प्रत्येक साज २१ पानांचा नसतो. कमी वजनात बसवण्यासाठी दहा-बारा पानांचे साज सर्रास होतात. पानं कमी म्हणून तो खोटा ठरत नाही. पण २१ पानांचा म्हणून दाखवला असेल तर दुकानात बसूनच पानं मोजा. सराफ त्याचा राग धरत नाही.

सोन्याचा साज किंवा ठुशी घेताना काय विचारावं?

तीन गोष्टी. पहिली, हॉलमार्क आणि त्यासोबतचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून नव्या दागिन्यावर तो लागतो. २२ कॅरेटला ९१६ हा आकडा बघायचा. भिंगातून दाखवा म्हणा, लगेच दाखवतात.

दुसरी, लाख. साजाची पानं आणि ठुशीसारखे दागिने बरेचदा आतून पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. त्यामुळे दागिना दबत नाही आणि कमी सोन्यात भरदार दिसतो. ही जुनी, चांगली पद्धत आहे, फसवणूक नव्हे. मात्र सोन्याचा भाव लाखेला लावायचा नसतो. "लाख वजा जाऊन निव्वळ सोनं किती?" असा थेट प्रश्न करा आणि तो आकडा पावतीवर लिहून घ्या. खडे असतील तर त्यांचंही वजन वेगळं.

तिसरी, मजुरी. बारीक हातकामाच्या दागिन्याला साध्या साखळीपेक्षा मजुरी जास्त पडते. ती टक्क्यात सांगतायत की ग्रॅमवर, हे विचारून घ्या. सोन्याच्या दागिन्यावर जीएसटी ३ टक्के.

एक ग्रॅमचे किंवा नुसत्या मुलाम्याचे साज महाद्वार रोडवर भरपूर मिळतात आणि दिसायला सुरेख असतात. घाम आणि अत्तर यांपासून जपलेत तर बरेच दिवस टिकतात.

आजीचा जुना साज आहे, दोन पानं हरवलीत आणि हॉलमार्क नाही. गुजरीत काम होईल का?

होतं, आणि असं काम करावं ते इथंच. उरलेली पानं बघून त्या घाटाची नवी पानं कारागीर घडवून देतात. मोडून नवा करायचा सल्ला कुणी दिला तरी घाई करू नका. जुन्या ठशांची नक्षी पुन्हा हुबेहूब येईलच असं नाही.

पानं झाली की साज पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने ओवणाऱ्याकडे, जातो. पटवेकऱ्याचं काम एकदा थांबून बघाच. छोटीशी बैठक, पायाच्या अंगठ्याला ताणलेला दोरा, पुढ्यात ताटलीत सुटे मणी आणि पानं. एक जवमणी, एक पान, मग बोटाच्या एका झटक्यात गाठ. मध्येच सगळा साज उचलून तो उजेडासमोर धरतो, डावी-उजवी बाजू सारखी झुकते का बघतो, नाही जमली तर उलगडतो आणि पुन्हा ओवतो. साज गळ्यात सरळ बसतो की फिरतो, ते या गाठींवर ठरतं.

हॉलमार्क नसलेला जुना दागिना दुरुस्तीला देता येतो, मोडीतही देता येतो. देताना फोटो काढा, वजन लिहिलेली चिठ्ठी घ्या, आणि पानं किती दिली तो आकडा त्यावर हवाच.

कोल्हापुरी चप्पल अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

नाकाजवळ धरा. कातड्याचा आणि बाभळीच्या सालीचा मिळून एक उग्र वास येतो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून हे कातडं कमावतात. रेक्झिनला रसायनाचा वास येतो. मग कड बघा. तळ कातड्याच्या थरांचा असतो, पुठ्ठा किंवा फोम दिसला तर ठेवून द्या. शिवण कातड्याच्या वादीची असते, खिळा नसतो. वेणी हाताने घातलेली असेल तर ती यंत्रासारखी एकसारखी नसते, आणि तेच तिचं रूप आहे. नव्या चपलेचा रंग फिका, कातड्याचा असतो. वापरून आणि तेलपाणी करून तो गडद होतो.

कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी अशी घाटांची नावं आहेत. दुकानदाराला नाव घेऊन विचारलंत की तो मागच्या फळीवरचा माल काढतो.

दुकानदार म्हणाला, "ही चप्पल अथणीची आहे." मग ती कोल्हापुरी कशी?

कोल्हापुरीच. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांना मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. अथणी बेळगाव जिल्ह्यात येते. कारागीर सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि माल पूर्वीपासून या पेठेत येतो. ज्याने खरं गाव सांगितलं, त्या दुकानदारावर जास्त विश्वास ठेवा.

नवी चप्पल चावते. पावसात भिजली तर काय?

पहिले काही दिवस चावते हे खरं. रात्री पट्ट्याला आणि अंगठ्याला आतून खोबरेल किंवा एरंडेल चोळून ठेवा, आणि सुरुवातीला घरातच तासभर घाला. माप घेताना किंचित घट्ट घ्या. कातडं सैल होतं, आवळून मिळत नाही.

पावसाळ्यात वापरू नये, हा साधा नियम. भिजलीच तर फडक्याने पुसून, आत वर्तमानपत्राचा बोळा घालून सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली की तळ वाकतो, थर सुटतात. पूर्ण वाळल्यावर तेल द्या.

भाव करावा का?

हातगाडीवर, पिशव्या-माळांच्या टपरीवर, नकली दागिन्यांत करा. तिथं ते चालतंच. "दादा, शेवटचं सांगा" म्हणायचं आणि हसून पुढं जायचं. सोन्याच्या भावात घासाघीस नसते, मजुरीत थोडंफार कमी होतं.

हाताने शिवलेल्या चपलेच्या किमतीत मात्र फार ओढून धरू नये असं मला मनापासून वाटतं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्याच चपला कोल्हापूरचं नाव न घेता मांडल्या. टीका झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठून घेतली ते मान्य केलं. त्या वेळी आपण सगळे चिडलो. तीच चप्पल समोर आल्यावर कारागिराच्या दोनशे रुपयांसाठी वाद घालणं त्या रागाशी जुळत नाही. हिशेब साधा आहे: कातडं कमावणारा, तळ कापणारा, वेणी घालणारा आणि दुकानदार, एवढ्या हातांत ती किंमत वाटली जाते. वेणी घालण्याचं काम बहुतेक घरातल्या बायका करतात.

गूळ आणि चटणी कुठून न्यावी?

गुळाची जुनी घाऊक पेठ शाहूपुरीत होती, आता घाऊक सौदे मार्केट यार्डात होतात. शाहूपुरी राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली. कोल्हापूरला रेल्वे आली ती त्याआधी, १८९१ मध्ये. घरापुरता गूळ हवा असेल तर महाद्वार भागातल्या किराणा दुकानांतही चांगला मिळतो. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळालाही मानांकन मिळालं. हंगाम दिवाळीच्या आसपास गुऱ्हाळं पेटल्यावर सुरू होतो, तेव्हाचा नवा गूळ घ्यावा. फार पिवळ्याधमक, पांढुरक्या गुळाच्या रव्याचा (ढेपेचा) मोह टाळा. तो रंग बरेचदा हायड्रॉस पावडरीने आणलेला असतो. थोडा तपकिरी, बोटाने दाबल्यावर किंचित मऊ, चवीला खारट न लागणारा बघा.

चटणी म्हणजे इथं कांदा-लसूण चटणी. डंकावर कांडून आणलेली सुटी मिळते. कधीची आहे ते विचारा, चिमूटभर हातावर घेऊन वास घ्या, आणि प्रवासात नेताना दुहेरी पिशवीत बांधून मागा. एका पिशवीचं तेल सगळ्या कपड्यांना लागतं.

फिरून दमल्यावर काय खावं?

सकाळी मिसळ. इथं ती पावाच्या स्लाइससोबत देतात, आणि कट वरून मागितला की वाढतात. सोसणार नसेल तर कट वेगळा मागा. दुपारी तांबडा-पांढरा रस्सा. संध्याकाळी खासबागेकडे भेळ.

पण मला विचाराल तर रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जा. म्हशी तिथंच रस्त्याकडेला बांधलेल्या असतात. गवळी बादली घेऊन बसतो, पहिल्या धारेचा टणटण आवाज येतो, बादली भरत आली की तो आवाज जाड होतो. फेसाळ, अजून कोमट दूध तो गाळून ग्लासात ओततो आणि तुमच्या हातात देतो. तालमीतली पोरं व्यायाम आटोपून इथं येतात आणि एका दमात ग्लास रिकामा करतात. कच्चं दूध पोटाला चालत नसेल, लहान मूल किंवा गरोदर बाई सोबत असेल, तर त्यांना देऊ नका.

बाजारातून पंचगंगेपर्यंत चालत जाता येतं का?

येतं, आणि गेलंच पाहिजे. पापाची तिकटी, गंगावेश, शुक्रवार पेठ आणि मग घाट, साधारण वीस मिनिटं. वाटेत बाजार हळूहळू विरळ होत जातो, दुकानांची जागा घरं आणि तालमी घेतात, आणि रस्ता उतरणीला लागतो.

घाटावर दगडी पायऱ्या, दीपमाळा, पाण्याशी लहान देवळं. समोर १८७८ मध्ये पुरा झालेला जुना शिवाजी पूल. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून ही पंचगंगा होते. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे घाट पणत्यांनी उजळतो.

घाटाला लागूनच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये तिथं उत्खनन झालं आणि सातवाहन काळातली वस्ती, रोमन जगाशी असलेला व्यापार उजेडात आला. तिथं सापडलेली समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात बघायला मिळते. महाद्वार बघितलात तर तीही बघा. नदीकाठचा हा बाजार किती जुन्या वाटेवर उभा आहे, हे त्या वीतभर मूर्तीपाशी उभं राहिल्यावर नीट कळतं.

पुराच्या दिवसांत महाद्वार रोड पाण्यात जातो का?

देवळाचा परिसर उंचावर आहे, त्यामुळे महाद्वार रोड पाण्यात जात नाही. नदीकडची बाजू मात्र जाते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. शुक्रवार पेठेत जामदार क्लबजवळ पाणी आलं की कोल्हापूरकर सावध होतो. २०१९ मध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ मध्ये ५६ फुटांच्या. अशा वेळी पेठ कोरडी असली तरी शहराकडे येणारे रस्तेच बंद होतात, महामार्गसुद्धा. जुलै-ऑगस्टमध्ये यायचं असेल तर निघण्याआधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. इशारा पातळी ओलांडली असेल तर बेत पुढे ढकला. घाटावर फोटोसाठी तर त्या दिवसांत अजिबात उतरू नये.

नवरात्र, गणपती आणि किरणोत्सवात यावं का?

खरेदीसाठी येऊ नये, सोहळ्यासाठी जरूर यावं.

नवरात्रात दर्शनाची रांग पेठेत येते. अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते, तेव्हा रस्तोरस्ती रांगोळ्या असतात. चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथोत्सव होतो. अनंत चतुर्दशीला विसर्जन मिरवणूक बिनखांबी गणेश, महाद्वार, पापाची तिकटी, गंगावेश अशीच जाते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या दिवशी या रस्त्यावर दुसरं कुठलंच काम होत नाही.

किरणोत्सव ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला असतो. मावळतीची किरणं रंकाळ्याच्या बाजूने ताराबाई रोडवरून महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या चरणांपासून वर सरकतात. आकाश ढगाळ असलं किंवा वाटेत एखादी उंच इमारत, होर्डिंग, केबल आडवी आली तर किरणं अडतात. म्हणून या रस्त्यावरच्या बांधकामाची उंची हा सगळ्या गावाचा विषय आहे. त्या संध्याकाळी दुकानासमोर उभे असाल तर वाटेतून बाजूला व्हा; सांगायला कुणी येईल याची वाट बघू नका.

आई-वडील वयस्कर आहेत. त्यांना जमेल का?

सकाळी लवकर आणलंत तर जमेल. रिक्षा भवानी मंडपाच्या बाजूला सोडायला सांगा, दर्शन आटोपून त्यांना गुजरीतल्या एखाद्या दुकानात बसवा. सराफाच्या बैठकीवर बसायला जागा मिळते, पाणी विचारतात, आणि जुन्या दागिन्यांवर बोलायला त्यांना तुमच्यापेक्षा जास्त विषय असतात. चप्पल लाईन आणि घाट तुम्ही एकटे करून या. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी वरूनच नदी बघावी.